दर्याला दाखवलेला नारळ

सकाळी मी दात घासत असते तेव्हा फोन वाजतो आणि पलीकडून एक आनंदी आवाज येतो, "पडतोय!"

हॅलो नाही, नमस्कार नाही. बाळाकाका कुबलांना पाऊस पडतोय एवढंच सांगायचं असतं. बरं, तो आमच्या दारातला पाऊसही नसतो. इथं ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात लख्ख ऊन असतं आणि काकांचा पाऊस पडत असतो दिवसभर गाडी हाणल्यावर येणाऱ्या मिलफर्ड साउंडच्या खाडीवर. "म्हणजे या महिन्यात काय जमत नाय," असं म्हणून ते समाधानानं फोन ठेवतात.

मिलफर्डला अख्खी बोट भाड्यानं घ्यायची आणि आपण सगळ्या मराठी लोकांनी मिळून जायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची, मंदारची. कल्पना चांगली होती. ती त्यानं बाळाकाकांच्या समोर बोलून दाखवली, तिथं माती खाल्ली. काका ताबडतोब खुर्चीत पुढे सरकले. "नियोजन माझ्याकडे. माझा जन्म गोदीत गेलाय."

जन्म गोदीत गेला हे खरं. मुंबईच्या गोदीत काका स्टोअरकीपर होते. पण स्वतः बोटीत किती वेळा बसलात, असं विचारलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची.

तेव्हापासून दर रविवारी काकांच्या परसातल्या सुट्या गराजमध्ये बैठक. गराजमध्ये, कारण काकांचा मुलगा विनय आणि सून प्राची दोघंही नर्स. एकाची नाइट संपते तेव्हा दुसऱ्याची मॉर्निंग सुरू होते, त्यामुळे त्या घरात कुणीतरी कायम झोपलेलं असतं. गाडी बाहेर काढायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, हीटर लावायचा, आणि कढईभर पोहे मधोमध ठेवायचे. पोहे काका स्वतः करत आणि फार सुंदर करत, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावं लागेल.

"मुद्दा क्रमांक एक," काका गरजत, "चहा!" चहा झाला की मुद्दा क्रमांक दोन. त्या आवाजानं गराजचा पत्र्याचा दरवाजा थरथरायचा. एकदा शेजारचा ग्रॅहम आत मारामारी चाललीय की काय म्हणून बघायला आला. त्याला पोह्यांची बशी मिळाली. पुढे तोही नेमानं यायला लागला. एक अक्षर कळत नसताना तो इतक्या गंभीरपणे मान डोलवायचा, की काकांनी त्याला कार्यकारिणीत घेतलं.

बैठकीत काय ठरायचं? काही नाही. एका बोटीचा रंग काकांना "आजारी" वाटला. दुसरीचा संडास लहान. तिसरीची कप्तान बाई निघाली, तेव्हा शुभदानं, म्हणजे फार्मसीतल्या माझ्या सहकारी मैत्रिणीनं, "मग काय झालं?" असं ज्या नजरेनं विचारलं, त्यानंतर तो मुद्दा परत आला नाही. पण या सगळ्याच्या वर काकांचं ब्रह्मास्त्र होतं.

"दर्याशी मस्करी नको! पावसात होडी लोटत नाहीत. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, की मगच. आमच्या गावात चार पिढ्या हेच चालत आलंय."

आता काकांच्या देवगडच्या बाजूला हे अगदी बरोबर आहे. पण इथं नारळी पौर्णिमा येते ती हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यात, तेव्हा मिलफर्डचा रस्ताच बर्फानं बंद पडतो. ती आली आणि गेली. वसंत ऋतू लागला तसा मंदार म्हणाला, "काका, झाली पौर्णिमा. आता?"

"पाऊस थांबू दे."

"काका, तिथं पाऊस थांबतच नाही. बारा महिने पडतो."

"थांबतच नाय?" काकांनी परत विचारलं. निवृत्तीच्या दिवशी मुदतवाढीचं पत्र हातात पडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पोहे खात होते.

मंदारचा संयम संपला. त्यानं तिथंच फोन काढला, बाई कप्तान असलेली बोट ठरवली आणि स्पीकरवरून "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', असं उत्तर सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या पडल्या. ग्रॅहमनंही वाजवल्या. काका एवढंच म्हणाले, "पोहे संपवा," आणि त्या दिवशी मुद्दा क्रमांक तीन आलाच नाही.

आम्ही गेलो. काकांच्या अंगावर स्वेटर, त्यावर रेनकोट, त्यावर लाइफ जॅकेट, डोक्याला माकडटोपी आणि हातात पिशवी. पिशवीत शेंडीचा नारळ. तो मिळवण्यासाठी त्यांनी ख्राइस्टचर्चमधल्या यच्चयावत इंडियन दुकानदारांचा जीव खाल्ला होता. बोट धक्क्यापासून सुटते न सुटते तोच काका नारळ घेऊन कठड्याशी गेले.

कप्तान बाईंनी पाहिलं. "किया ओरा!" त्यांनी माओरीत नमस्कार केला. "तो पाण्यात टाकायचा नाही हं," त्या पुढे इंग्रजीत म्हणाल्या. "इथं पाण्यात काहीच टाकता येत नाही. राखीव समुद्र आहे."

आम्हाला वाटलं, आता चार पिढ्या बाहेर निघणार. पण काकांनी क्षणभर विचार केला, नारळ दोन्ही हातांत धरून दर्यासमोर केला, डोळे मिटले आणि परत पिशवीत घातला.

"दाखवला," ते म्हणाले. "देवाला तरी आपण काय करतो? दाखवतो आणि परत आणतो."

मग धो धो पाऊस आला. आणि त्या काळ्या उभ्या कड्यांवरून जिथं तिथं धबधबे सुटले, नजर जाईल तिथं पांढऱ्या रेघा. कप्तान बाई म्हणाल्या की पाऊस नसता तर यातलं निम्मंसुद्धा दिसलं नसतं. शुभदाला रडू आलं, मंदारला उलटी झाली. काका पिशवी पोटाशी धरून बसून होते. परत धक्क्यावर उतरताना म्हणाले, "झालं म्हणजे."

घरी आल्यावर मंदारनं 'मिलफर्ड मोहीम' या ग्रुपवर 'मोहीम फत्ते' असं लिहिलं आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. एकेक करत बाकीचेही पडले, उरलो मी आणि काका. सकाळचा "पडतोय" बंद झाला. पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी काकांचा थर्मास परत द्यायला गेले. बेल वाजवणार तोच दार उघडलं. काका ओठांवर बोट ठेवून उभे होते.

"हळू गो," ते कुजबुजले. "प्राची नाइट करून आलीय."

काकांना कुजबुजता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. ते चवड्यांवर चालत मला गराजमध्ये घेऊन गेले. गाडी बाहेर काढलेली होती. खुर्च्या मांडलेल्या होत्या, सगळ्या. मधल्या टेबलावर नारळ.

"फोडायचा राहिलाय," काका त्याच आवाजात म्हणाले. "घरात फोडला तर आवाज होतो. आणि प्रसाद एकट्यानं कसा खायचा?"

हा माणूस आठवडाभर असाच बोलत असणार. रविवारी पत्रा हलवणारा आवाज तो सहा दिवस साठवून ठेवत असणार, आणि आम्ही मात्र बोट ठरत नाही म्हणून त्याच्यावर चिडत होतो.

मी फोन काढला आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना परत ओढून घेतलं, नवऱ्याला सर्वांत आधी. लिहिलं, 'तातडीची बैठक. मुद्दा क्रमांक एक, चहा.'

सगळे आले. मंदार कुरकुरत आला, ग्रॅहम स्वतःची बशी घेऊन आला. काकांनी गराजच्या काँक्रीटवर नारळ आपटला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा ग्रॅहमच्या हातावर ठेवला.

"मुद्दा क्रमांक दोन," मी म्हटलं. "आता पुढच्या वेळी स्टुअर्ट आयलंड. बोटीनं."

काका थबकले. "तिथं पावसाचं कसं काय?"

"पडतो," मी म्हटलं. "बारा महिने."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "मग घाई नको!" ते गरजले, आणि दरवाजाचा पत्रा थरथरला. "नीट ठरवूया!"