सोळाशे पासष्टची राखण

आमच्या आडगिरी देशात प्रत्येक घराकडे इतिहासातलं एक वर्ष सांभाळायला दिलेलं आहे, आणि आमच्या घराकडे शके सोळाशे पासष्ट आहे. वर्ष माजघरात असतं. ओटीवर आजची तारीख, उंबरा ओलांडला की सोळाशे पासष्ट. आत तेव्हाची माणसं राहतात, तेव्हाचा आड आहे, तेव्हाचं ऊन पडतं. देश लहान आहे. पूर्वेच्या नाक्यावरचा शिपाई पश्चिमेच्या नाक्यावरच्या शिपायाला हाक मारून तंबाखू मागतो, आणि मधल्या आळीत तीनशे अकरा घरं ओळीने उभी आहेत. याहून मोठे देश जगात पुष्कळ आहेत, पण त्यांना आपला इतिहास पुस्तकात ठेवावा लागतो.

आमच्या वर्षाचं वैशिष्ट्य असं, की त्यात काही घडलेलं नाही. लढाई नाही, तह नाही, कुणी गादीवर बसलं नाही, कुणी उठलं नाही. पाऊस हवा तेवढा पडला, ज्वारी आली, ती लोकांनी खाल्ली. मी लग्न होऊन मगदुमांच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इंदू, लढाई कुणीबी सांभाळंल. ती आपली आपणच हुती. काय घडू द्यायचं न्हाई म्हंजे डोळ्यात तेल घालून बसावं लागतंय." चौतीस वर्षं मी तेच करते आहे. एकदा एक पर्यटक आमच्या वर्षात छत्री विसरून गेला. ती तिथेच राहिली असती, तर सोळाशे पासष्टात छत्री आली अशी घटना झाली असती. मी ती भात शिजायच्या आत बाहेर आणली. रखवालदाराने वर्षातल्या माणसांशी बोलायचं नाही, हाही नियम त्यासाठीच आहे. चौतीस वर्षांत मी आतल्या कुणाला 'बाजूला व्हा' एवढंसुद्धा म्हटलेलं नाही.

आमच्या पूर्वेला तातोबा उपाध्यांचं घर. त्यांच्याकडे सोळाशे चौसष्ट, म्हणजे दुष्काळ. पर्यटक तिथे जातात, हळहळतात आणि बाहेर येऊन पाणी पितात. पश्चिमेला बाळगोंडा चौगुल्यांकडे सोळाशे सहासष्ट. त्या वर्षी धुळाप्पा पाथरवटाने आमचा सूर्यबुरूज बांधला, जो देशाच्या झेंड्यावर आहे. चौगुल्यांच्या दाराशी रांग, फोटो, फेटे बांधून देणारा एक माणूस, सगळं आहे. बाळगोंडा अण्णा माणूस चांगला, पण बोलतो असा की दगड त्यानेच घडवले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मधे आमचं घर. आमच्याकडे जे येतात त्यातले निम्मे विचारतात, बुरुजाकडे इकडून जाता येतं का.

धुळाप्पा तिन्ही घरांत आहे. तातोबांकडे तो भिंतीला पाठ लावून बसलेला असतो, आणि हातोडा बाजूला पडलेला असतो, कारण तो उचलवत नाही. चौगुल्यांकडे तो बुरूज बांधतो. आमच्याकडे तो जेवतो, झोपतो, आणि आमटीत मीठ जास्त झालं म्हणून बायकोशी भांडतो. वर्षभर एवढंच.

यंदा फाल्गुनात वारसा पर्यटन मंडळाच्या निरीक्षक नलिनी खरवंडीकर आमच्याकडे आल्या. जगातल्या नामांकित देशांची यादी करणारी एक परदेशी समिती पाडव्याला आडगिरी पाहायला येणार होती. बाई चपला ओटीखाली काढून आत गेल्या, आमचं वर्ष पूर्ण पाहिलं आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या.

"तो झाडाखाली झोपलेला माणूस कोण?"

"धुळाप्पा पाथरवट."

"बुरूजवाला? मग तो इथे काय करतो?"

"झोपतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "इंदुमतीबाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. वर्ष स्वच्छ आहे. पण समिती येणार. दुष्काळ बघून माणसं हेलावतात, आणि लगेच पुढच्या दारात हा झोपलेला माणूस. सगळा परिणाम जातो. दुष्काळातून थेट बुरूज असं दिसलं, तर केवढी प्रेरणादायक गोष्ट होईल! मंडळाने ठरवलंय, या पाडव्याला सोळाशे पासष्ट बंद ठेवायचं. प्रायोगिक तत्त्वावर. समितीला आवडलं, तर कायमचं."

"आणि आतली माणसं?"

"त्यांचं काय? त्यांचं आधीचं वर्ष आहे, पुढचं आहे."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "बाई, तुम्ही दर रविवारी कामावर येत न्हाईसा. म्हणून तुमचा रविवार कुणी कॅलेंडरातनं फाडतंय का?" त्या अवघडल्या. बाई वाईट नव्हत्या. पण ठराव झाला होता, आणि ठरावाला कान नसतात.

आमच्याकडे पाडवा कसा होतो ते सांगायला हवं. गुढ्या उभ्या राहतात त्या वेळी तीनशे अकराही वर्षं रिकामी होतात, सूर्यबुरूजही नाहीसा होतो. मग पहिल्या घरातून आमचे पूर्वज निघतात. मागच्या दारांनी ते एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि प्रत्येक घरात आपलं एकेक वर्ष ठेवून पुढे सरकतात. बाहेरच्या घड्याळात एका घराला मिनिटभर लागतं. मावळतीच्या आत शेवटचं घर भरावं लागतं, कारण सूर्य बुडाल्यावर जे वर्ष रिकामं असेल ते रिकामंच राहतं. बुरूज दर पाडव्याला लोकांच्या डोळ्यांदेखत नव्याने चढतो, आणि तो पाहायला दोन्ही नाक्यांवर गर्दी होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मंडळाने आमच्या घरामागे पत्रे ठोकून बोळ केला. तातोबांच्या मागच्या दारातून निघालेला माणूस आमच्याकडे न वळता सरळ चौगुल्यांकडे जावा, असा. आमच्या पुढच्या दाराला कुलूप आणि लाखेचा शिक्का लागला. मी आतच राहिले. राखणदाराला बाहेर काढण्याबद्दल ठरावात काही नव्हतं.

सकाळी माझं वर्ष रिकामं झालं, आणि मी वाट पाहत बसले. ऊन तसंच होतं, आड भरलेला होता, ज्वारीची कणसं वाऱ्याने हलत होती. चूल थंड होती. चौतीस वर्षांत मी त्या माजघरात इतकी शांतता ऐकली नव्हती. काही घडत नसलं की शांतता असते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. काही घडत नसताना भांडी वाजतात, कुणीतरी शिंकतं, धुळाप्पाची बायको कोंबड्यांना शिव्या देते. मला रडू आलं, आणि मी रडले.

मग पत्र्याआडून पावलं ऐकू आली. दुष्काळातून निघालेली माणसं बोळातून चालली होती. त्यांची पावलं उचलली जात नव्हती, जमिनीवरून ओढली जात होती. थोड्या वेळाने आळीत नेहमीचा जल्लोष सुरू झाला, आणि अर्ध्यावर थांबला.

आढ्याजवळच्या झरोक्यातून पाहिलं तर बुरूज कमरेएवढा होता. तो पडला नव्हता. तो एवढाच बांधला गेला होता.

बाळगोंडा अण्णाचा आवाज आला, "अरं, उचला की दगूड! साहेब लोक बघाय लागल्यात!" मग खरवंडीकर बाईंचा, "यांना काय झालंय?" मग तातोबांचा, अगदी शांत. त्यांनी जन्मभर दुष्काळ सांभाळलाय, ते कधी आवाज चढवत नाहीत. "काय व्हायचंय म्याडम. ती माणसं काल जेवल्याली न्हाईत."

पुढची सगळी वर्षं खोळंबली. पश्चिमेकडच्या दोनशे घरांत पर्यटक तिकिटं घेऊन रिकाम्या खोल्यांत उभे होते. झेंड्यावरचा बुरूजही कमरेएवढा झाला आणि वर नुसतं कापड राहिलं. परदेशी समितीने विचारलं की देश इथेच संपतो का. ऊन कलायला लागलं.

आमच्या मागच्या दाराची कडी आतून आहे. बाहेरून कुलूप लावणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं. कडी काढणं सोपं होतं. पण नुसतं दार उघडून भागणार नव्हतं. त्या माणसांना बोळ सरळ पुढे नेत होता, त्यांना वळवायला हाक मारावी लागणार होती. आणि मी हाक मारली, तर सोळाशे पासष्टात रखवालदारीण बोलली अशी घटना होणार होती. सासूबाईंनी, त्यांच्या सासूबाईंनी, मगदुमांच्या अकरा सुनांनी काही घडू न देता माझ्या हाती दिलेलं वर्ष माझ्या तोंडून बाटणार होतं. आणि मग मंडळाला ते बंद करायला कारण शोधावं लागलं नसतं.

मी कडी काढली. दगड उचलवेनात म्हणून मागे सरकलेली माणसं बोळात बसली होती, चौगुल्यांच्या दारापासून मागे तातोबांच्या दारापर्यंत. धुळाप्पा आमच्याच दाराशी पत्र्याला टेकून बसला होता. त्याला इतक्या जवळून समोरून मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हाताच्या शिरा मोजता आल्या असत्या.

मी म्हणाले, "आत या. जेवून घ्या."

त्याने मान वर केली. "ह्ये कंचं वरीस म्हनायचं, आक्का?"

"साधंच हाय. या."

तो भिंतीला धरून उठला. त्याच्यामागून बायको, मग बाकीचे, एकशे चाळीस माणसं. कुणी धक्काबुक्की केली नाही. पहिल्यांदा एका म्हातारीने आडाचं पाणी शेंदलं आणि सगळ्यांच्या ओंजळीत ओतलं. मग पाऊस पडला, हवा तेवढा. ज्वारी कापली, मळली, दळली. चुली पेटल्या. मी भिंतीला लागून उभी होते आणि पुन्हा एक शब्द बोलले नाही. पहिले दोन महिने धुळाप्पा जेवला की पडून राहायचा. तिसऱ्या महिन्यात त्याने कूस बदलली. श्रावणात तो एका विनोदावर हसला. दिवाळी झाल्यावर कधीतरी त्याने ताट पुढे ढकललं आणि बायकोला म्हणाला, "मीठ किती घातलंस गं!" ती म्हणाली, "मग ऱ्हावा उपाशी." तेव्हा मला कळलं की आता माणूस बरा झाला. शिशिरात तो हातोडा मांडीवर घेऊन नुसता बसायचा, आणि फाल्गुनाच्या शेवटी उठला, दंड झटकले आणि चौगुल्यांच्या दाराने निघून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नेहमीही पाहत नाही. बाहेर मिनिटभर झालं होतं.

बुरूज चढला. आधी कमरेवरून डोक्यावर, मग घरांच्या वर, मग तटाच्या वर. शेवटचा दगड बसला तेव्हा सगळी आळी ओरडली, समितीसुद्धा. पुढची वर्षं भरभर भरायला लागली.

खरवंडीकर बाई शिक्का फोडून आत आल्या. पदराला लाख लागली होती. त्यांच्या मागे तातोबा आणि बाळगोंडा अण्णा. बाई माझ्यासमोर ओटीवर बसल्या, आमच्या वर्षाची नोंदवही मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"इंदुमतीबाई, तुम्ही त्यांना हाक मारलीत."

"मारली."

"मी स्वतः ऐकली. म्हणजे सोळाशे पासष्टात घटना घडली. मला लिहावं लागेल."

मी मान खाली घातली. त्या वेळी मला बुरुजाचं काही वाटत नव्हतं. अकरा सुनांचं वाटत होतं.

तातोबा उंबऱ्याजवळ उकिडवे बसले. "म्याडम, एक इचारू?"

"विचारा."

"दारात उपाशी माणूस आला, आणि बाईमाणसानं 'या, जेवून घ्या' म्हटलं. आपल्या देशात ही घटना कवापास्नं धरत्यात?"

बाईंनी पेन वहीवरून उचललं. बाळगोंडा अण्णा, ज्याला माझ्या वर्षाबद्दल चांगला शब्द बोलताना मी कधी ऐकला नव्हता, खाकरून म्हणाला, "न्हाई धरत. आमच्यात तर कवाच न्हाई."

"पण नियमात..." बाईंनी पिशवीतलं नियमांचं पुस्तक काढलं, घटनांच्या यादीच्या ओळी बोटाने चाळल्या. वादळ घटना होती. आग होती. जन्म, मृत्यू, तह, चोरी, ग्रहण, सगळं होतं. जेवायला बोलावणं कुठेच नव्हतं. त्यांनी पुस्तक दोनदा पाहिलं. मग नोंदवहीत आजची तारीख घातली, घटनेच्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं, खाली सही केली आणि फुंकर घालून शाई वाळवली.

"बोळाचे पत्रे उद्या काढतील," त्या म्हणाल्या.

"आजच काढाय सांगा," मी म्हणाले. "आणि बाई, तुम्ही सकाळपासनं काय खाल्लेलं दिसत न्हाई. हात धुवा."

त्या जेवल्या. तातोबा आणि अण्णाही बसले. आमच्या वर्षात आजवर काहीही घडलेलं नाही, आणि मी आहे तोवर मी घडू देणार नाही.