अंधारखोलीतला मामा

उस्मानभाई आधी नातं जोडत आणि मग बटण दाबत. समोरच्या पेशंटशी काही ना काही नातं लागल्याशिवाय एक्स-रेच्या बटणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी डॉक्टरसाहेबांसाठीसुद्धा कधी मोडला नाही. फोटो निघायला दोन-तीन सेकंद लागत. नातं निघायला कधी कधी अर्धा तास जाई.

मी तेव्हा वाशीमच्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. माझी औषधाची खिडकी आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक लाकडी पडदी तेवढी होती, त्यामुळे मिक्श्चर हलवता हलवता मला सगळं ऐकू येई.

"माय कोन्या गावची तुही?"

"मंगरूळची."

"मंगरुळात कुठी?"

"दर्ग्याच्या मांगं."

"म्हंजे त्या शिंप्याच्या बाजूले? मंग त झालंच. तो शिंपी माह्या चुलतभावाचा दोस्त. तू माही भाची लागली. आता दम धर, हालू नोको."

की लगेच मशीन गुरगुरे आणि दुसऱ्या भाचीला हाक जाई. मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनला वीज देणारं दवाखान्याचं तेलाचं इंजिन सुरू होई, त्या दोन दिवसांत उस्मानभाईंचा गोतावळा आठ-दहा माणसांनी वाढे. तालुक्यात त्यांच्या इतक्या भाच्या झाल्या होत्या की बाजारात भाजी घ्यायला गेले तरी तीन बायका पदर सावरून उभ्या राहत. पुरुषांना ते साडू करत, म्हाताऱ्यांना चुलते. एकदा तहसीलदारसाहेब मुतखड्यासाठी आले. "माझं तुझं काही नातं नाही. काम कर," ते गुरकावले. उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "तुमी सरकार, मी रयत. हे बी नातंच हाय, साहेब." आणि मग बटण दाबलं.

डॉक्टर वैतागत. "उस्मान, हा दवाखाना आहे की सोयरीक जुळवायचं ठिकाण?" असं आठवड्यातून एकदा तरी विचारत. पण नातं जोडण्याचं हे खूळ उगाच लागलेलं नव्हतं. मशीन नवीन आलं तेव्हा घोटा मुरगळलेली एक बाई आली होती. खिडक्यांना काळे पडदे, दार बंद, आणि समोर शिशाचा डगला घातलेला दाढीवाला परका माणूस. बाई टेबलावरून उठली ती त्याच घोट्यानं थेट गुजरीच्या बाजारापर्यंत पळत गेली. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलेलं नाही, एवढं तर सिद्ध झालं." आम्ही सगळे हसलो. उस्मानभाई हसले नाहीत. "भाऊ, त्या बाईले माहा भेव वाटला," एवढंच ते मला म्हणाले, आणि दिवसभर जेवले नाहीत. पुढच्या शुक्रवारपासून नाती सुरू झाली.

ते मूळचे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातले फिटर. नागपूरला पाठवून त्यांना हे काम शिकवलं होतं. दवाखान्याच्या मागं एक खोली होती, तिथं एकटेच राहत. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, पोरंबाळं नाहीत, भाऊबंद कोण कुठं ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. तो शिंप्याचा दोस्त असलेला चुलतभाऊ खरा होता की नाही, याची मी आजही खात्री देणार नाही.

नात्यानंतरचं दुसरं युद्ध बांगड्यांचं. "हाडाले दागिना लागत नाही" हा त्यांचा मंत्र. पण आमच्याकडची बाई मोडका हात कापून देईल, बांगडी काढून देणार नाही. उस्मानभाई मग मामाच्या हक्कानं रागावत, बांगड्या कोपराकडे सरकवायला लावत, वरून ओलं फडकं बांधत. फोटोत एक जरी बांगडी उमटली तरी त्यांना तो आपल्या कारागिरीला लागलेला डाग वाटे. तसा फोटो ते डॉक्टरांना दाखवतसुद्धा नसत.

अशा माणसाकडे आसेगावची शेवंता आली. खळ्यावर गाडीवरून पडून उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. बरोबर तिची आई. मुलीचं लग्न जऊळक्याला ठरलेलं, तिथी तेवढी निघायची होती, त्यामुळे आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उस्मानभाईंनी नेहमीसारखी चौकशी मांडली, पण आईनं पहिल्याच प्रश्नाला त्यांची वाटच बंद केली. "मले माहेर नाही, भाऊ. मायबाप गेले. पाठीवर भाऊ बी नाही."

मग उस्मानभाई म्हणाले, "मंग काय पंचाईत हाय? जागा खालीच हाय. मी झालो भाऊ." आणि बटण दाबलं. इतक्या झटपट लागलेलं नातं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पुन्हा फोटो काढला, हाड सांधलं होतं. डॉक्टर खूश झाले. पण तोवर जऊळक्याला बातमी पोचली होती की पोरीचा हात कामातून गेला. शेतकऱ्याच्या घरी सुनेचा हात म्हणजे वेचणी, भाकरी, पाणी, सगळं आलं. निरोप आला की आम्ही दुसरी पोरगी पाहतो. शेवंताची आई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. रडत नव्हती, नुसती बसली होती.

सांधलेल्या हाताचा फोटो उस्मानभाईंनी धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, मला ओढत स्टेशनवर नेलं आणि आम्ही जऊळक्याला उतरलो.

नवरदेवाच्या ओसरीवर पंधरा माणसं जमली. तो काळा कागद उन्हासमोर धरून प्रत्येकानं पाहिला. नवऱ्याच्या बापानं बोट ठेवलं. "इथं गाठ दिसून राह्यली."

"सांधल्याची गाठ हाय ते," उस्मानभाई म्हणाले. "दोरी गाठीवर तुटत नाही, पाटील. तुटली त बाकी कुठी तुटन."

हे लोकांना पटलं. माना डोलल्या. आता चहा येणार, तेवढ्यात नवऱ्याची आजी पुढे आली. घरातला शेवटचा शब्द तिचा होता. तिनं फोटो डोळ्यांपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "बांगड्या कुठी हाय?"

"आजी, हा आतला फोटो हाय. बांगड्या बाहिर रायते."

"नवरीचा मोकळा हात उन्हात धरून साऱ्या गावाले दाखोला. लगनाच्या आंधीच भुंडा हात. असा अपशकुन माह्या घरात नाही चालत." तिनं फोटो परत दिला. मग उस्मानभाईंच्या टोपीकडे आणि दाढीकडे पाहून म्हणाली, "आन् तू कोन पोरीचा?"

"मामा."

"मामा कसा रे तू?"

"सख्ख्या मामानं तिचा हात वरून पाह्यला असता," उस्मानभाई म्हणाले. "म्या आतून पाह्यला."

आजी हसली नाही. पण "बांगड्याचा हात दाखव, मंग बोलू" असं म्हणाली, आणि एवढ्यावर आम्ही परतलो.

ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. फिल्म मिळायची मारामार. डॉक्टर एकेक फिल्म कुलपातून काढून देत, आणि तीही कारण ऐकून. उस्मानभाईंनी आसेगावला निरोप धाडला आणि हाड पुन्हा पाहायचं सांगून डॉक्टरांकडून एक फिल्म घेतली. शुक्रवारी शेवंता आली, तेव्हा तिच्या हातात आईच्या चांदीच्या पाटल्या आणि डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. मी पडदीला कान लावून होतो. "काढू का, मामा?" तिनं विचारलं. "नाही बाई. त्या मनगटावर खाली येऊ दे सगळ्या. अशा नाही, नीट वळीनं," उस्मानभाई म्हणत होते. आयुष्यभर बांगड्यांशी भांडलेला हा माणूस एकेक बांगडी सारखी करत बसला होता.

फोटो छान आला. पाटल्या पांढऱ्याशुभ्र, काचेच्या बांगड्यांच्या फिकट रेघा, आणि त्यांच्या वर हाडाची ती गाठ. मी रजिस्टरात लिहिलं, "उजवा हात, बांगड्यांसह." संध्याकाळी डॉक्टरांनी ते वाचलं.

"उस्मान, फिल्म वाया घालवलीस. बांगड्या का नाही काढल्या?"

"लगनाचा फोटो हाय, साहेब."

डॉक्टर खूप बोलले. नोकरीवरून काढीन, इथपर्यंत बोलले. उस्मानभाई मान खाली घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटेच जऊळक्याला गेले. आजीनं पाटल्या मोजल्या, नातवाला हाक मारली आणि त्या फोटोला हळदकुंकू लावलं, असं त्यांनी आल्यावर सांगितलं. डॉक्टरांना हे कळल्यावर ते आधी चिडले, मग त्यांनी रजिस्टर मिटून ठेवलं. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पंधरा दिवसांनी शेवंताची आई आली. दुखणं काही नव्हतं. ती सरळ एक्स-रेच्या खोलीत गेली आणि टेबलावर अक्षता ठेवल्या.

"दादा, सोमवारी लगन हाय. मामाचं लुगडं लागते पोरीले. आन् अंतरपाटाशी तिच्या मांगं मामा उभा रायते. तुमाले यायचं हाय."

ती गेल्यावर उस्मानभाई माझ्या खिडकीशी आले. अक्षता मुठीत होत्या.

"भाऊ, मी त बायांचा भेव जावा म्हून बोलत होतो," ते म्हणाले. "साऱ्या जणी मामा मामा करत, घरी गेल्या का इसरून जात. त्यात त्याह्यचं काय चुकलं? पन आतापावतो कोनी खरं धरलं नवतं." मग त्यांनी विचारलं, "लुगडं कसं घेत असते?"

पन्नाशीच्या त्या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं. दवाखाना सुटल्यावर आम्ही बाजारातल्या एका जैन शेटजींच्या दुकानात गेलो. उस्मानभाई गादीच्या अगदी कडेला बसले. पोत पाहायला त्यांनी आधी हात रुमालाला पुसले. फोटो धुण्याच्या औषधांच्या पाण्यानं त्यांची बोटं पिवळी पडलेली असत. बऱ्याच वेळानं त्यांनी एका साध्या हिरव्या लुगड्यावर हात ठेवला.

"कोनासाठी पाह्यजे, भाई?" शेटजींनी सहज विचारलं.

ज्या माणसाला घटकेत साऱ्या तालुक्याशी नातं सांगता येई, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तिथं अंधार नव्हता. शेवटी मीच म्हणालो, "त्यांच्या भाचीचं लग्न आहे."

"मंग हे नोको," शेटजी म्हणाले. "मामाकडचं लुगडं हाय." आणि त्यांनी उठून वरच्या फळीवरचा भारी लुगड्यांचा गठ्ठा खाली काढला.