तांब्यानं बाटलेलं पाणी

लोक पाहुण्याला चहापाणी विचारतात. आमचे महादूकाका पाहुण्याकडं कचरा मागायचे. लग्नाच्या मांडवात नवरानवरीवर फुलं पडायच्या आत हे आचाऱ्याला गाठणार, "शेंगांची टरफलं कुठं टाकली?" आहेर नको, जेवण नको, टरफलं द्या. कापसाच्या शेतातून येणारा रिकाम्या हातानं आला, तर त्याला अडवणार. "पऱ्हाटीच्या चार काड्या आणल्या असत्या तं हात झडले असते का तुझे?"

काका आमचे शेजारी. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये बॉयलरवर उमर गेलेली. काकू वारलेल्या, मुलगा दूर नोकरीला, घरात एकटे. अंगणात डांबराचं रिकामं पिंप. त्यात हा सगळा कचरा ठासायचा, झाकण मातीनं लिंपायचं आणि खालून जाळ लावायचा. आत हवा गेली नाही की टरफलांची राख होत नाही, कोळसा होतो. "जळू द्या, पण राख होऊ देऊ नका!" हे त्यांचं ब्रीद. पोरगं नापास झालं, लेक सासरहून भांडून आली, कुणाची मजुरी बुडाली, सगळ्यांना हेच औषध.

हे वेड उगाच लागलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बौद्ध वस्तीनं स्वतःच्या हातानं विहीर खोदली होती. त्याआधी गावातल्या वरच्या आळीच्या विहिरीपाशी उभं राहून कुणी ओतेल त्या पाण्याची वाट बघायची. आमचा लोटा पाण्याला लागला की वरच्या आळीचे ओरडायचे, "तुमच्या तांब्यानं पाणी बाटतं!"

मग बाबूशेठनं आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला भांड्यांचा कारखाना टाकला. औंढ्याच्या यात्रेकरूंना विकायचे तांबे तिथं तेजाबात बुडवून चकाचक करायचे, आणि उरलेलं पाणी नालीत. नाली आमच्या विहिरीकडं. वर्षभरात पाण्याला कडू चव आली. मी वस्तीतला पहिला बी.एस्सी. हे मी सांगणारच, फुकट नाही मिळालं. कॉलेजातून थोडा अमोनिया आणून पाण्यात टाकला. पाणी नीळ टाकल्यासारखं झालं. म्हणजे तांबं उतरलं होतं.

बाया म्हणाल्या, चला, पुन्हा वरच्या विहिरीवर.

"त्या विहिरीवर माझं मढंबी जाणार न्हाई," काका म्हणाले, आणि नालीत आडवी कोळशाची पिंपं बसवली.

मी सांगितलं, "काका, तेजाब आहे तोवर कोळसा तांबं नीट धरणार नाही. आधी चुना घाला."

"घालू की. आजवर लोकांनी आपल्याला चुना लावला, आता आपण त्यांच्या पाण्याला लावू."

चुन्यानं तेजाब मेलं, निळसर गाळ खाली बसला, राहिलेलं तांबं कोळशानं धरलं. पण कोळसाही भरतो, बदलावा लागतो. म्हणून ही टरफलांची भीक. वापरलेला कोळसा आणि गाळ काका शेतात टाकू देत नसत. पोत्यात भरून बाबूशेठच्या फाटकात नेऊन रचायचे. "तुमचं तांबं, तुमालाच वापस!"

एका बाजारच्या दिवशी फाटकात गिऱ्हाइकांची गर्दी असताना शेठ चिडलेच. "महादू, काहून तमाशा करून राहिला? तांब्याचं पाणी तं लोक औषध म्हणून पितात."

"मंग या, नालीतलं घोटभर औषध घ्या. लोटा मी आणला."

लोक हसले. काका गर्दीकडं वळले. "मंडळी, आमचे आजे-पणजे नाहक रागावले. वरच्या आळीचं बराबर होतं. तांब्यानं पाणी बाटतं! फकस्त ते लोट्याचं म्हणत होते, अन् निघालं धातूचं. आमच्या तांब्यानं न्हाई बाटलं, शेठच्या तांब्यानं बाटलं!"

हे वाक्य गावभर झालं. गिऱ्हाईक दुकानात तांब्या हातात घेऊन विचारायचं, "हा बाटवणारा तं न्हाई ना?" शेवटी शेठ स्वतः वस्तीत आले. "माझ्या आवारात चुन्याच्या अन् कोळशाच्या टाक्या बांधतो. नालीत साफ पाणीच सोडीन. पण तो 'बाटलं' शब्द बंद करा."

"शब्द आमचा न्हाई, शेठ. तुमच्याकडूनच शिकलो. आधी टाक्या बांधा."

टाक्या झाल्या. एक पावसाळा गेला, विहीर उपसली, मी पुन्हा अमोनिया टाकला. पाणी जसंच्या तसं, निळेपणाचा मागमूस नाही. वस्ती आपल्या विहिरीचं पाणी बिनधास्त प्यायला लागली.

काकांचं पिंप मात्र चालूच. संध्याकाळ झाली की बाया टोपल्या घेऊन यायच्या, टरफलं ओतायच्या, जाळापाशी टेकायच्या. काका कोरा चहा करायचे, सासवांच्या कागाळ्या ऐकायचे, आणि वर तक्रार, "कोळसा कमीच पडून राहिला बाई!"

एकदा मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, नालीतली पिंपं तर तुम्ही कधीच काढली, शेठही आपला कोळसा बाहेरून आणतात. आता कोळसा कशाला?"

"हळू बोल."

"काहून?"

त्यांनी अंगणाकडं पाहिलं. कुणीतरी त्यांची चूल फुंकत होतं, कुणाचं लेकरू त्यांच्याच वाकळीवर झोपलं होतं.

"ह्यांना कळलं तं ह्या कशाला येतील माझ्याकडं?"

मी अंगणात गेलो, एक टोपली पिंपात रिकामी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय? उद्याबी आणा."