स्थलांतराला मुदतवाढ

निवृत्त कार्यालय अधीक्षकांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर असा निर्णय झाला की आफ्रिकेतल्या जंगलाची सफारी करावी. मात्र ती खाजगी असावी आणि खास कुटुंबाच्या मापाने बेतलेली असावी. प्रस्ताव बायकोचा होता, दुरुस्ती अधीक्षकांची. मूळ प्रस्तावात "अहो, आफ्रिकेला जाऊ या का?" एवढेच शब्द होते.

बायकोने सगळी नोकरी बालवाडीत काढली होती. फळ्यावर ती जिराफ झकास काढायची. पण एवढ्या उंच मानेचा हा प्राणी पाणी कसा पितो, असं एखाद्या पोराने विचारलं की "नळीने" म्हणून वेळ मारून न्यायची. ही थाप तिला आयुष्यभर टोचत राहिली. तिला एकदा खरं काय ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि गुडघे गाडीची पायरी चढू देताहेत तोवर बघायचं होतं. बालवाडीतल्या तिच्या मैत्रिणी एका मोठ्या सहल कंपनीबरोबर जाणारच होत्या; तिथे जंगलात सगळ्यांना एकाच बसने फिरवणार होते.

"बसने?" अधीक्षक म्हणाले. "माणसांच्या डोक्यांमधून सिंह बघायचा? आपण काय गर्दीतले आहोत?"

अधीक्षकांनी आयुष्यभर गर्दी पाहिली होती ती खिडकीच्या आतल्या बाजूने. आता या वयात बाहेरच्या बाजूला उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे सहल बेतून देणाऱ्या कंपनीचं ऑफिस थंडगार होतं. सोफ्यावर बिबट्याचे ठिपके होते आणि भिंतीवर "तुमची इच्छा, आमचं जंगल" असं लिहिलेलं होतं. समोरच्या तरुणीच्या पदाचं नाव सहलशिल्पी होतं. तिने आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "सर, तुम्हाला सिंह कसा आवडेल?"

अधीक्षकांना भरून आलं. सबंध नोकरीत त्यांना काय आवडेल हे कुणी विचारलं नव्हतं. घरी विचारलं जाई, पण उत्तर येण्याआधीच ताटात वाढलेलं असे. "विचार करून कळवतो," ते म्हणाले, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

सहल खाजगी असल्यामुळे ती चारचौघांना न विचारता ठरवणं बरं दिसलं नसतं. म्हणून समिती नेमण्यात आली. तीत मुलगी, जावई आणि मेहुणा असे सदस्य होते. मेहुणा सफारीला येणार नव्हता. निःपक्षपाती सदस्य म्हणून त्याला घेतलं होतं. बायकोला चहाची जबाबदारी देण्यात आली.

पहिली अट अधीक्षकांनीच घातली. पहाटे उठणं होणार नाही. सिंह दहा ते पाच या वेळेत, मधली सुट्टी सोडून, दिसावा. सहलशिल्पीने ही अट ऐकली आणि पापणीही न हलवता "होऊन जाईल, सर" म्हणाली. जावयाला शिकार बघायची होती आणि मुलीला रक्त बघवत नव्हतं. त्यावर समितीने बरीच डोकेफोड करून सुवर्णमध्य काढला, की शिकार व्हावी, पण हरणाला काही होऊ नये.

"पाठलाग ठेवू," सहलशिल्पी म्हणाली. "शेवटी हरीण निसटेल."

"मग सिंह उपाशीच?" मुलीने काळजीने विचारलं.

"त्याचं आम्ही परस्पर बघू, मॅडम."

मेहुण्याचा मुद्दा तात्त्विक होता. "खाजगी म्हणजे दुसरी एकही गाडी नजरेला पडता कामा नये," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहाचा घोट घेऊन त्यानेच विचारलं, "पण आजूबाजूला कुणीच नसेल, तर आपण खाजगी आलोय हे बघणार कोण?"

हा मुद्दा समितीने नोंदवून घेतला. शेवटी असं ठरलं, की दूर अंतरावर एक भरलेली बस उभी असावी आणि आतल्या माणसांचे चेहरे हिरमुसलेले असावेत. बसचं लगेच जमलं. चेहऱ्यांचं विचारून सांगते, असं सहलशिल्पी म्हणाली.

मसुद्यावर मसुदे होऊ लागले. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा सरस होता, त्यामुळे कुठलाच अंतिम होत नव्हता. उशीची उंची ठरली, पाणघोड्याने जांभई कुठल्या बाजूला तोंड करून द्यावी हे ठरलं. फक्त मेहुण्याचा अभिप्राय येत नव्हता, कारण तो थंड हवेच्या ठिकाणी गेला होता. तो तिकडे कुणालाही न विचारता गेला होता.

एवढ्यात सहलशिल्पीचा फोन आला. "सर, प्राण्यांचे कळप नदी ओलांडून पलीकडे निघालेत. दरवर्षी याच सुमाराला जातात. या आठवड्यात निघालात तर दिसतील."

"असे कसे निघाले?" अधीक्षक खवळले. "आमचा अभिप्राय यायचाय. स्थलांतराला मुदतवाढ द्या."

"कळपांना तसं कळवून बघते, सर," ती अदबीने म्हणाली.

त्याच संध्याकाळी बायको डॉक्टरांकडून परतली. चपला काढतानाच तिने सांगितलं, "अहो, डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर यंदाच जाऊन या. पुढच्या वर्षीचं गुडघ्यांचं काही सांगता येत नाही. जिराफाचं कुठवर आलंय?"

"उपसमितीकडे आहे."

"मी मैत्रिणींबरोबर जाऊ का बसने? तुम्हीही चला. जागा आहे."

"तुझी विनंती विचारार्थ ठेवतो," अधीक्षक म्हणाले. त्यात त्यांचा वाईट हेतू मुळीच नव्हता. आवडीच्या माणसाशीही ते याहून गोड भाषेत कधी बोललेच नव्हते. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, हसली, आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल आणलं.

ती गेली आणि आली. येताना नाक सोलवटलेलं होतं, बॅगेच्या चाकांत लाल धूळ होती आणि आवाज बसला होता. पण चेहऱ्यावर जे काही होतं, ते अधीक्षकांनी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं.

"अहो, तो आधी इकडे बघतो, तिकडे बघतो," ती दाराशी उभी राहूनच सांगू लागली. "मग पुढचे दोन्ही पाय फाकवतो. पुरत नाही. मग आणखी फाकवतो. अगदी माझ्यासारखं, गुडघ्यांना विचारत विचारत. आणि मग ती एवढी मान खाली येते. सगळी बस उभी राहून बघत होती."

तिच्या एवढ्या मोठ्या आनंदात आपला काडीचाही हात नाही, याचं अधीक्षकांना खरंच वाईट वाटलं. त्यांना तिचा हात हातात घ्यावासा वाटला. पण सवय आडवी आली.

"किती वाजता प्यायला?" त्यांनी विचारलं.

"पहाटे. नुकतं उजाडलं होतं."

"म्हणजे वेळेत बसत नाही," अधीक्षक म्हणाले, आणि मसुद्यातून जिराफ वगळण्यात आला.

तरी मनाला रुखरुख लागलीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहलशिल्पीला गाठलं आणि चक्क मनातलं विचारलं. "खरं सांगा, तुमच्याकडून आजवर किती लोक जाऊन आले?"

"अजून कुणी नाही, सर."

"एकही नाही?"

"नाही. पण सगळे अगदी समाधानी आहेत. जे जाऊन येतात, ते तक्रारी करतात. आमच्याकडे एकही तक्रार नाही."

अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. इतकी स्वच्छ नोंद त्यांनी स्वतःच्या कार्यालयातही पाहिली नव्हती. पुढची तारीख घेऊन ते उठले, तर बिबट्याच्या सोफ्यावर टेकायला जागा नव्हती. एकजण मुलांच्या परीक्षा संपायची वाट बघत होता, एकजण बढतीची. कडेला बसलेली व्यक्ती शेजाऱ्याला हसत हसत म्हणत होती, की काय एकेक नग भेटतात हो, नुसते बेत करत बसतात. आमचं तसं नाही, आमचं जवळजवळ ठरलंय.

अधीक्षकांनी त्या कडेच्या व्यक्तीला, म्हणजे तुम्हाला, ओळख दाखवून नमस्कार केला. तुम्ही जरा सरकून त्यांना जागा दिलीत, हे त्यांना फार आवडलं.