पाणी मारलेली सुरमई

देवदत्तला आयुष्यात सगळ्यात महागात पडलेली थाप एकाच अक्षराची होती. सहा वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याहून सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, "तिथं दुबईत मासे कोण बघून आणतं?" आणि हा म्हणाला, "मी."

'गिरिजा' असं बायकोचं नाव घेतलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण देवदत्त यवतमाळचा. लग्नापर्यंत त्यानं मासा पाहिला होता तो शाळेच्या तक्त्यावर, तोही बाण काढून नावं लिहिलेला. कोकणातल्या सासऱ्यांपुढे त्याला जरा मिरवावंसं वाटलं, इतकंच. खरी व्यवस्था अशी होती, की गिरिजा दर शनिवारी सकाळी शाहबाजला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायची, देऱ्याच्या मासळीबाजारातला हा शाहबाज मासा निवडून ठेवायचा, आणि देवदत्त करामातल्या घरून गाडी घेऊन जाऊन पिशवी आणायचा. (पिशवी मात्र तो स्वतः उचलायचा. त्यात कुणाची मदत नाही.)

सासरे गोपीनाथमास्तर मूळचे या लग्नाच्या विरोधात. "माणूस चांगला असेल, पण मासा न कळणाऱ्याच्या घरी पोरगी देऊ?" असं ते भर बैठकीत म्हणाले होते. त्या एका 'मी'नंतर मात्र त्यांचा सूरच पालटला. जावयाला ते 'देवदत्तराव' म्हणू लागले, गावभर सांगू लागले. देवदत्तची सासुरवाडीतली सगळी किंमत त्या एका अक्षरावर उभी होती.

आणि आता मास्तर दुबईला आले होते. पहिल्याच चहाला म्हणाले, "शनिवारी मी येतो तुमच्याबरोबर. तुम्ही मासा कसा बघता, तेवढं बघायचंय."

देवदत्तच्या घशात खारी अडकली.

"या ना, बाबा," गिरिजाच म्हणाली आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात पळाली.

गुरुवारी ऑफिस सुटल्या सुटल्या देवदत्त शाहबाजकडे हजर झाला. सगळी हकिगत ऐकून शाहबाजनं दाढी खाजवली.

"टेन्शन नहीं, साहब. आप मछली उठाओ. पुरानी है तो मैं उसपे पानी मारूँगा. पानी नहीं मारा, तो ले लो. खलास."

"पक्का?"

"हबीबी, बाईस साल से धंधा कर रहा हूँ."

देवदत्त निवांत मनानं घरी आला. दोन रात्री आरशासमोर मासा उचलण्याचा सरावही केला. (मासा म्हणून गिरिजाची चप्पल घेतली होती.)

शनिवारी सकाळी बाजार तुडुंब भरला होता. मास्तर हात मागे बांधून, शाळा तपासायला आल्यासारखे चालत होते. शाहबाजच्या ओट्यावर बर्फात पापलेटं, हमूर, सुरमया ओळीनं मांडलेल्या. देवदत्तनं एक पापलेट उचललं, कल्ला वर केला आणि हळूच शाहबाजकडे पाहिलं. शाहबाजचा हात बादलीत गेला. सपकन पाणी.

"नको," देवदत्त म्हणाला. "डोळ्यात जीव नाही."

"वा!" मास्तर म्हणाले.

मग हमूर उचलला. सपकन पाणी.

"हा परवाचा आहे."

मग कोळंबी. पुन्हा पाणी. "कोळंबी नाराज दिसतेय," देवदत्त म्हणाला. आता त्याला स्वतःचंच ऐकायला बरं वाटू लागलं होतं. मास्तरांनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला. मागे उभ्या असलेल्या एका जोडप्यानं हातातला हमूर गुपचूप खाली ठेवला. त्यांच्या मागच्या बाईंनी कोळंबीची पिशवी परत केली. हा कोण मोठा जाणकार आलाय म्हणून आणखी चारजण जमले, आणि देवदत्त मान हलवील तो मासा कुणी घेईना.

सातव्या माशाला शाहबाजचा तोल सुटला.

"साहब, क्या कर रहे हो? ये अभी बोट से उतरा है!"

"फिर पानी क्यों मारा?" देवदत्तच्या तोंडून निघून गेलं.

"पानी तो मैं आदत से मारता हूँ! बाईस साल से मारता हूँ! वो इशारेवाला पानी..." शाहबाजनं जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं.

मास्तरांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग शाहबाजकडे, मग जावयाकडे. देवदत्तचे कान तापले. त्याला खरोखरच वाईट वाटलं. फजितीचं तर वाटलंच, पण या साध्या माणसाला आपण सहा वर्षं फसवलं, याचं जास्त.

"बाबा," तो म्हणाला, "मला माशातलं काही कळत नाही. सगळं गिरिजा आणि शाहबाज बघतात. मी फक्त पिशवी आणतो."

मास्तरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग खाकरून म्हणाले, "मग आज शिका. एक सुरमई निवडा. मी बोलणार नाही, आणि यांनी बादलीला हात लावायचा नाही."

देवदत्तनं जीव ओतून सुरमई निवडली. कल्ले पाहिले, डोळे पाहिले, पोट दाबलं, वास घेतला. पस्तीस दिरम किलो. "म्हणजे आठशे रुपये," मास्तर सवयीनं पुटपुटले. मग माशाकडे पाहून लांबलचक "हं" म्हणाले.

"जमलं तुम्हाला. आता पुढं जाऊन कापायचं टोकन घ्या, तिकडे रांग मोठी आहे. मी पिशवी घेऊन येतो."

टोकन घेऊन देवदत्त थांबला. मास्तर आले, पिशवी उघडली, सुरमई फळीवर पडली. मघापेक्षा ती अंमळ लांब आणि चकचकीत दिसत होती. आपण निवडलेली वस्तू आपल्याला छानच दिसते, असं देवदत्तला वाटलं.

दुपारी गिरिजानं पहिला घास घेतला आणि थांबली. "अहो, काय सुरमई आहे! निवडली कुणी?"

"देवदत्तरावांनी," मास्तर ताटात बघत म्हणाले.

"स्वतः?"

"पप्पा, सीरियसली?" नऊ वर्षांची अस्मी म्हणाली.

देवदत्तनं पाण्याचा घोट घेतला, पाठ ताठ केली आणि सुरू झाला. कल्ला कसा लाल हवा, पोट कसं टणक हवं, आणि मुख्य म्हणजे माशाशी मनानं कसं बोलावं लागतं. "पुढच्या शनिवारपासून व्हॉट्सअ‍ॅप बंद," त्यानं जाहीर केलं. "मासे मी निवडणार."

तेवढ्यात गिरिजाचा फोन वाजला. तिचे हात कालवणाचे, म्हणून अस्मीनंच बटण दाबलं. "मम्मा, इट्स शाहबाज अंकल. व्हॉइस मेसेज."

"सलाम, भाभी," शाहबाजचा आवाज जेवणाच्या टेबलावर घुमला. "बाबाजी को बोलना, मछली ठीक निकली ना? साहब टोकन लेने गए, तब बाबाजी ने जैसे बोला, वैसे मैंने बदल दी थी. और भाभी, अगले हफ्ते लिस्ट आप ही भेजना. साहब को बस थैली के लिए भेजना."

मास्तर अतिशय एकाग्रतेनं काटे काढू लागले.

"और साहबवाली सुरमई अभी इधर ही पड़ी है," शाहबाज पुढे म्हणाला. "फिकर नहीं करना. उसपे मैंने पानी मार दिया है. इशारेवाला."