सुभानजी तांबटाच्या हिरव्या दाराची हकीगत

श्रीउंबरठेश्वर प्रसन्न. श्रोते हो, सावध बसावे आणि दार लोटून घ्यावे. उपयोग होईल ऐसे नाही, परंतु रीत आहे.

शके सतराशें, विलंबी नाम संवत्सर लागावयाच्या बेतात होते. त्या राज्यात पूर्वापार चाल ऐसी की सरकारी प्यादा झडतीस गेला तर त्याणे कडी वाजवावी, नाव सांगावे, हुकूम दाखवावा आणि मग आत पाऊल घालावे. तेव्हा सरत्या फाल्गुनात कोतवाल हैबतराव यांणी हुजुरांत अर्ज केला की, कडी वाजली म्हणजे चोर अफू मोरीत ओततो, तरी न पुसता दार फोडण्याची मुभा असावी. न्यायाधीश आबाशास्त्री बोलिले, "मोरीतून जाते इतकीच अफू, तर ती जाऊ द्यावी. माणूस जायला नको." कोतवाल हसोन म्हणाले, "शास्त्रीबुवा, आपण कधी धाड घातली आहे?" शास्त्री म्हणाले, "नाही बुवा. कडी मात्र रोज वाजवतो. लोक उघडतात." यावर दरबार पोट धरोन हसला आणि मुभा मंजूर जाहली, आणि खबरदारी म्हणोन इतकेच ठरले की घर धोक्याचे आहे किंवा नाही हे कोतवालांनीच ठरवावे. मग हेराने लिहून आणिले की तांबट आळीत हिरवे दार, तेथे अफू. हुकुमास शिक्का जाहला आणि मध्ये पाडवा आला. पाडव्यास दारे नव्याने रंगवावी हा त्या आळीचा कुळाचार. अफूवाल्याने आपले दार निळे केले आणि मागील सालचा उरला हिरवा रंग शेजारी सुभानजी तांबटास दिला, तो त्याची बायको सगुणाबाई हिणे हौसेने आपल्या हाते दारास लाविला.

मग द्वितीयेस दोन प्रहरी पान मांडले होते आणि सुभानजी घंगाळास शेवटले ठोके घालीत होता, इतक्यात दार मोडोन पाच असामी आत आले. कोणी नाव सांगितले नाही. सुभानजी "कोण रे तुम्ही?" म्हणोन उठला, हातात हातोडा तैसाच राहिला, आणि प्याद्याने बार काढिला. सुभानजी पानावर पडला. नंतर झडती यथासांग जाहली आणि भांडी घासावयाचा चिंचेचा गोळा अफू म्हणोन जप्त केला.

सगुणाबाई दरबारी गेली तो देवडीवाला म्हणाला, "बाई, वर्दी दिल्यावाचून आत जाता येत नाही. हुजूर जेवताहेत, दचकतील." ती म्हणाली, "आमच्यातही पान मांडलं होतं, बाबा." तीन दिवस बसविली, मग आत घेतली. ती इतकेच मागती जाहली, "कडी वाजवायची रीत परत द्या. या प्याद्यांनी नुसतं विचारलं असतं तर मीच शेजारचं दार दाखवलं असतं." कोतवाल म्हणाले की मयताचे हाती हत्यार होते. आबाशास्त्री बोलावयास उठले, त्यांस बसविले. हुजुरांनी बहुत विचार केला आणि निवाडा दिला की चूक रंगाची आहे, सबब येथून पुढे रयतेने पाडव्यास दारे रंगवू नयेत. आणि कोतवालांस शेला देऊन गौरविले.

तात्पर्य, राज्यात शांतता आहे. आळीतील दारे फिकी पडली. सगुणाबाईने नवे दार केले नाही. मोकळ्या चौकटीस कडी तेवढी ठोकिली आहे. येणारा जाणारा ती वाजवोन आत येतो. कोतवालीचे लोक चौकट मोकळी पाहोन तैसेच शिरतात.