गाडीतून उतरायचं नाही

दिलीप मोघे गायींना हत्ती समजायचा. दर रविवारी बायको-मुलीला गाडीत घालून तो आमच्या शहराबाहेर, पापाकुराच्या पुढे, गोठ्यांच्या रस्त्याला न्यायचा. दूध काढून घ्यायला निघालेल्या गायी रस्ता ओलांडताना दिसल्या की काचा वर, आणि गाडी सावकाश रिव्हर्स. "काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही," तो बजावायचा. गायींमागून येणारा शेतकरी 'किया ओरा', म्हणजे इथला रामराम, म्हणून हात करायचा, तर मोघे बंद काचेआडून नुसती मान हलवायचा.

हा आमचा शेजारी. पेशाने इंजिनियर, स्वभावाने चिवट. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात स्वतः गाडी चालवत सफारी करायची, असं त्याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि मोघ्याच्या डोक्यात शिरलेलं ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. माधुरीवहिनींना मायदेशी, पुण्याला, भाचीच्या लग्नाला जायचं होतं. ईशाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मैत्रिणींबरोबर बीचवर जायचं होतं. तिची शाळा संपली होती आणि सुट्टीनंतर ती हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत राहायला जाणार होती.

"निदान गाइडच्या जीपमधून तरी जाऊ या," वहिनी म्हणाल्या.

"त्यात परकी माणसं असतात."

"डॅड, टीव्हीवर हीप्स ऑफ लायन्स असतात," ईशा म्हणाली.

"तिकडेही डावीकडूनच चालवतात," मोघे म्हणाला. जणू तेवढ्यासाठीच माणसं आफ्रिकेला जातात.

वहिनींना मागे ईशाजवळ बसवायचं होतं, म्हणून नकाशा वाचायला मला पुढे घेतलं. मी एकटा जीव, सुट्टीत करायला दुसरं काही नव्हतं. शिवाय या माणसासमोर खरा हत्ती आल्यावर काय होतं, ते मला बघायचंच होतं.

अभयारण्याच्या फाटकावर रखवालदाराने सांगितलं, मुक्कामाची जागा येईपर्यंत गाडीतून उतरायला बंदी आहे. मोघ्याने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं आणि मागे वळून म्हणाला, "ऐकलंत? नियम आहे." इतका खूश मी त्याला पगारवाढीलाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हत्ती आला. चांगला सुळेवाला, रस्त्याच्या मधोमध उभा राहून झाड ओरबाडत होता. मोघ्याने शांतपणे गाडी मागे घेतली; गायींचं श्रेय गायींना दिलंच पाहिजे. बेताच्या अंतरावर थांबला, आणि थांबलाच. बाकीच्या गाड्या वळून निघून गेल्या.

"डावीकडे दुसरा रस्ता आहे," मी नकाशा दाखवला.

"नको. बसू जरा."

हत्तीलाही घाई नव्हती. ईशा कानात गाणी घालून बसली होती. बॅटरी संपली तेव्हा तिने चकली मागितली. मग वहिनींनी घराकडच्या, पापाटोएटोच्या वाणसामानाच्या दुकानातली जुनी गोष्ट काढली. तिथे लहानपणी ईशा तांदळाच्या पोत्यावर बसली होती आणि घरी यायलाच तयार नव्हती. ईशा हसत सुटली. "मग? मग काय केलंत?" तिने विचारलं, चक्क शुद्ध मराठीत. तोंडातली चकली तिने आईच्या ओढणीवर सांडली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

मी मोघ्याकडे पाहिलं. त्याचं हत्तीकडे लक्षच नव्हतं. समोरचा आरसा त्याने मागच्या सीटवर रोखला होता.

"हत्ती गेला," थोड्या वेळाने मी म्हणालो.

"माहितीये," तो हळूच म्हणाला. "जरा थांब."

त्यांच्या घरी ईशाच्या खोलीचं दार कायम बंद असायचं. वहिनींची संध्याकाळची शिफ्ट, मोघ्याचं ऑफिस, जेवणं आपापल्या वेळेला. त्या गाडीत मला हे सगळं एकदम आठवलं आणि त्या हट्टी माणसाबद्दल पोटातून माया दाटून आली. मी नकाशाची घडी घालून ठेवली.

सुट्टी संपल्यावर ईशाला हॅमिल्टनला पोचवायला निघालो. सामान उचलायला म्हणून मीही होतो, सवयीने पुढेच बसलो. हॉस्टेलसमोर गाडी थांबली, पण कोणीच हललं नाही. वहिनी ईशाची उशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"उतरायचं नाही ना, बाबा?" ईशाने विचारलं. एरवी ती त्याला डॅड म्हणायची.

मोघ्याने हात वर करून आरसा सरळ केला. त्यात आता नुसता मागचा रस्ता दिसत होता. मग तो आधी स्वतः उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि त्याने तिचं दार उघडलं.

"उतर, बाळा," तो म्हणाला.